हिरव्या काकणांची विहीर

खोटं बोलायला मला कुणी शिकवलं न्हाई, या सडकेनंच शिकवलं. सरकारी जीपवर लागायच्या आधी मी जालना ते हसनाबाद सर्व्हिस मोटार चालवायचो. चढावर इंजिन तापायचं, पाणी घालून थंड होईस्तोवर बसावं लागायचं, अन् प्यासिंजर लोक माझं डोकं खायचे. "ड्रायव्हर, जल्दी करा की!" अरे, इंजिनाला का मी फुंकर मारू? मंग त्यांची तोंडं बंद करायला मी गोष्टी जोडायला लागलो. एका खडकाला नवरदेवाचा खडक म्हणलो, एका चिंचेखाली हत्ती पुरलाय म्हणलो. लोक माना हलवायचे अन् गपगार बसायचे.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात पुण्याकडचे दीनानाथ साहेब जालन्याला आले, अन् त्यांना फिरवायचं काम माह्या जीपकडं आलं. जिल्ह्याचं पुस्तक निघणार व्हतं, त्यात सडकंच्या कडंची देवळं, पीर, विहिरी, समद्यांची माहिती घालायची व्हती. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पुंजाराम, तुम्हाला हा रस्ता पाठ आहे म्हणे?"

"बिलकुल," मी म्हणलो. गाढवपणा झाला तो तिथंच.

जुन्या जालन्यातून सकाळी निघालो. खडक आला, साहेबांनी लिहिला. चिंच आली, हत्तीसकट लिहिली. मला आतून गुदगुल्या होऊन राह्यल्या व्हत्या. साहेब बी. ए. झालेले, मी चौथी नापास, अन् माह्या थापा त्यांच्या वहीत शाईनं उतरून राह्यल्या!

दुपार भरली अन् चढावर जीप तापली. तिथं सडकंला लागून लिंबाखाली विहीर हाये. एक म्हातारी पोहऱ्यानं पाणी काढून वाटसरूंना पाजायची. बारा वर्सं मी तिच्या हातचं पाणी प्यालो, इंजिनाला पाजलं, पण तिला "ए म्हातारे" याच्या पलीकडं हाक मारली न्हाई. नाव इचारायचं कधी सुचलंच न्हाई. पाणी देणाऱ्याला कोण नाव इचारतं?

"ही विहीर कुणाची?" साहेबांनी पेन काढलं.

ही तर माही सगळ्यात आवडती गोष्ट. रहाटाच्या खांबाला कायम हिरवी काकणं बांधलेली असायची, त्यांच्यावरूनच मला ती सुचली व्हती. मी सुरू केलं. "एका सरदाराची लेक व्हती, साहेब. सोळा वर्साची. लगीन होऊन डोलीत बसून सासरी निघाली. इथं तिला तहान लागली, अन् कोसभर पाणी न्हाई. तिनं विहीर खांदून घेतली, मंगच पुढं गेली. सुखानं नांदली, सात लेकरं झाली. म्हातारपणी परत आली अन् आपली काकणं इथं वाहून गेली. तीच ही काकणं."

म्हातारीनं पोहरा काठावर टेकवला व्हता. माही गोष्ट सुरू झाली की ती हमेशा असंच करायची.

साहेबांनी लिहून घेतलं, मंग उठून खांबाजवळ गेले. "पुंजाराम, ही काकणं नवी दिसतात. हळदकुंकूसुद्धा ताजं आहे."

"वाहत असंल कुणी बाई," मी सावरून घेतलं.

"असो. एकदा छापलं की पुढची शंभर वर्षं हेच खरं," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

म्हातारी तांब्या घेऊन पुढं आली. "लिहा, लिहा साहेब. लई गोड गोष्ट हाये," ती म्हणाली. तांब्या घेतानी माही नजर तिच्या हाताकडं गेली. मनगटं भुंडी, विधवा बाईची. पण बोटं हळदीनं पिवळी झाल्ती. काल आखिती व्हती, अक्षय तृतीया. आखितीला आपण गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा घडा देतो.

"ही काकणं तू बांधतीस?"

तिनं खांबावरच्या काकणांवरून हात फिरवला. मंग म्हणाली, "माही पोर व्हती, कौतिका. सहा वर्साची. इथं पाणी नव्हतं, तहानंपायी त्या ओढ्याचं प्याली, अन् पटकीनं एका रातीत गेली. तिच्या लग्नासाठी सोनं जमवलं व्हतं. ते मोडून आम्ही दोघांनी ही विहीर खांदली. म्हणलं, दुसऱ्याच्या लेकरानं ओढ्याचं पिऊ नये. तिचे बाप रामकिसन, तेबी गेले. आता मी वर्साला तिला काकणं भरते. लग्नाची राह्यली ना ती."

मला सडकंनं पोटात घ्यावं असं झालं. "अगं, मंग बारा वर्सं मला बोलली का न्हाईस? जोड्यानं हाणायला पाहिजे व्हतं मला!"

"कशाला रे बाबा?" ती हसली, अन् डोळ्याला पदर लावला. "माही सहा वर्सांचीच राह्यली. तुह्या गोष्टीत ती सोळा वर्साची होते. डोलीत बसते, नांदते. मी पोहरा टेकवून ऐकायची. पोर मोठी होऊन राह्यली असं वाटायचं. ते मोडू कशाला?"

मी साहेबांपुढं हात जोडले. "खोडा, साहेब. सरदाराची लेक खोडा, खडक खोडा, हत्तीबी खोडा. समदं मी जोडलंय. नोकरी गेली तर जाऊ द्या, पण हिच्या पोरीची विहीर दुसरीच्या नावानं छापू नका."

साहेब माह्याकडं बघत राह्यले. राग आल्ता त्यांना, येणारच. पण त्यांनी वही उघडली, तीन पानांवर आडव्या रेघा मारल्या, अन् म्हातारीला अदबीनं नाव इचारलं. बारा वर्सांत मला जमलं न्हाई ते त्यांनी एका दमात केलं. मंग लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. "कौतिकेची विहीर. झुंबरबाई आणि रामकिसन यांनी आपल्या लेकीच्या आठवणीत खोदली."

"बराबर लिहिलं," झुंबरबाई म्हणाली. मंग तिचा चेहरा उतरला. माह्याकडं वळून हळूच म्हणाली, "म्हंजी आता तू ती गोष्ट सांगायचा न्हाईस?"

मी खाली बसलो, लिंबाच्या बुडाशी. "सांगतो की, आई."

इंजिन कवाच थंड झाल्तं, पण साहेब जल्दी करा म्हणले न्हाईत. वही मिटून तेबी बसले.

"कौतिका नावाची पोर व्हती," मी सुरू केलं. "सोळा वर्साची झाली. आईनं हातभर हिरवी काकणं भरली."

"रडली म्हण," झुंबरबाई बोलली. "काकणं भरतानी पोरी रडतात."

"रडली. मंग डोलीत बसली, सासरी गेली, सुखानं नांदली. सात लेकरं झाली. नातवंडं झाली. केस पिकले."

"माह्याएवढी म्हातारी झाली?"

"तुह्याहून म्हातारी झाली, आई," मी म्हणलो.