ट्रकचा क्लच सिलिंडर आणि रिनाचा डावा पाय

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा क्लच सिलिंडर आहे. गॅसचा नव्हे, त्याची निदान कुणी वाट पाहतं. पेडल दाबलं की मी तेल ढकलतो, ते तेल गिअरजवळच्या दुसऱ्या सिलिंडरला रेटतं आणि क्लच सुटतो. एवढंच काम. त्याबद्दल आजवर कुणी आभार मानलेले नाहीत, तेव्हा तुम्हीही मला फारसे आवडत नाही.

कारखान्यात माझं कौतुक झालं, कारण तिथे मोजमाप करून वरच्या-खालच्या सिलिंडरच्या जोड्या लावत. मग वर्षानुवर्षं कोळसा वाहिला. ड्रायव्हरनं मला लाथेनं दाबलं, पुसलं कधीच नाही. शेवटी ट्रक भंगारात गेला आणि मी चंद्रपूरच्या हरिदास मिस्त्रीच्या हाती लागलो. याहून भंगार बरं होतं.

हरिदासची पुतणी रिना जीपच्या सांगाड्यावर स्वतःची गाडी बांधत होती. तिला ऊर्जानगरच्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवायचे होते. लहानपणी मोडल्यामुळे तिचा डावा पाय कमजोर. तिला क्लच दाबता आला नाही, तर गाडी हरिदासचा मुलगा अश्वजित चालवणार, असं घरात ठरलेलं. अश्वजित म्हणजे उभ्या म्हशीला धडकून म्हशीचीच चूक काढणारा माणूस.

गिअरजवळचा खालचा सिलिंडर जीपचा, चिमुकला. वर मी, दांडगा. म्हणजे पेडल दगडासारखं होणार. एवढं मलाही कळतं, आणि मी लोखंड आहे.

“काकाजी, जीपचाच लावा ना,” रिना म्हणाली.

“हा ट्रकचा हाय, पोरी. हत्तीले बी थांबवते.”

“मले हत्ती थांबवाचा नाई. गिअर बदलाचा हाय.”

तरी हरिदासनं मला लावलंच. रिनानं दाबलं, मी केसभर हललो.

“तुह्या पायात दम नाई,” म्हणत हरिदास स्वतः बसला आणि दोन्ही पायांनी रेटू लागला. मी हललो नाही. सीट हलली. तिचे बोल्ट तुटले आणि हरिदास सीटसकट मागे डब्यांच्या जागेत पडला, पाय छताकडे.

रिनानं खिडकीतून डोकावलं. “काकाजी, क्लच सुटला का?”

“जरासाक,” तो म्हणाला.

तिनं मला स्वतःच्या हातानं काढलं आणि खालच्याच्या मापाचा जीपचा सिलिंडर लावला. तिच्या डाव्या पायाखाली पेडल निमूट खाली गेलं. हरिदास म्हणाला, “मी हेच म्हणून राह्यलो होतो.” दुसऱ्या दिवशी डबे निघाले. रिना चालवत होती आणि अश्वजित मागे झाकणं धरून बसला होता.

मी आता खोक्यात गंजतो आहे. मला अधूनमधून पुसा, ही विनंती. आणि मित्रांनो, आधी चालवणाऱ्याचा पाय पाहा, मग सुटा भाग निवडा. तेही जमणार नसेल, तर निदान सीटचे बोल्ट पक्के ठेवा.