दोनदा दाबलं की लागतो

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारगाडीचे ब्रेकचे पेडल आहे. माझ्या रबराचा उजवा कोपरा झिजून गुळगुळीत झाला आहे, आणि स्वभावाने मी भित्रे आहे. हसू नका. माझा जन्मच मुळी भीतीसाठी झाला. गाडी चालवणाऱ्याच्या काळजात धस्स झाले, की ती भीती त्याच्या पायात उतरते आणि माझ्यावर येऊन आदळते. सारी मौजमजा शेजारच्या पेडलच्या वाट्याला, कारण ते गाडी पळवते.

एका कारखान्यात जाड पत्रा कापून, वाकवून मला घडवले. माझे मालक घड्याळे दुरुस्त करणारे. आता ते आजोबा झाले आहेत. "काय ब्रेक आहे! नुसता पाय ठेवला तरी गाडी जागच्या जागी!" असे ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा लोखंडाचे असूनही मला मूठभर मांस चढे.

मग एका सुट्टीच्या दिवशी आजोबांनी पुढच्या चाकांचे कॅलिपर घरीच बदलायला काढले. कॅलिपर म्हणजे चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा. मला दाबले की नळीतले तेल त्याला ढकलते. "घड्याळातली एवढीएवढीशी चाकं बसवतो मी. हे दोन ठोकळे काय जड आहेत?" आजोबा म्हणाले. काम झाल्यावर त्यांनी मला दाबले आणि मी खाली गेले. जातच राहिले. अंधारात जिन्याची एक पायरी चुकावी, तसे झाले. त्यांनी पुन्हा दाबले, तेव्हा कुठे मी त्यांच्या पायाला आधार दिला.

मेस्त्रीकडे जाणे आजोबांना कमीपणाचे वाटले. त्यांनी लेकीला सांगितले, "दोनदा दाबलं की लागतो गं. गाडीचं वय झालं, एका हाकेत ऐकत नाही." लेकीने ते मानले. रोज याच गाडीतून ती आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, चिमणीला, शाळेत सोडत असे. काही दिवसांतच 'दोनदा' हा घरचा नियम झाला. मी मात्र रोज जीव मुठीत धरून असे. पहिल्या दाबात मी रिकामेच खाली जाई, आणि तेवढा वेळ गाडी कुणाचीच नसे. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मऊ पडणे हीच माझी ओरड होती.

शाळेच्या वाटेवर एक उतार आहे. त्या सकाळी उताराच्या तळाशी गल्लीतून पाण्याचा टँकर अचानक मागे सरकत रस्त्यावर आला. लेकीने मला दाबले. मी खाली गेले. तिने पाय उचलला, पुन्हा दाबायला आणला, तर तो माझ्या झिजलेल्या कोपऱ्यावरून घसरला. मागे चिमणी शाळेची कविता म्हणत होती. माझ्या पायाखाली काही नव्हते, आणि समोर लोखंड मोठेमोठे होत होते. लेकीने एका हाताने हँडब्रेक ओढला आणि तिसऱ्यांदा सारा भार माझ्यावर टाकला. गाडी किंचाळत थांबली. टँकर वीतभर लांब होता.

"आई, आपण टँकरला टेकलो का?" चिमणीने विचारले.

लेकीने मागे हात नेऊन चिमणीचा गुडघा घट्ट धरला. पाय मात्र तिने माझ्यावरून काढला नाही. मीही जागचे हलले नाही.

दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढत गाडी मेस्त्रीकडे आणली. आजोबाही धावत आले. मेस्त्रीने मला दाबून तसेच धरून ठेवले. "हळूहळू खाली जात नाही, म्हणजे वरचा पंप ठीक आहे. तेल कुठे गळत नाही. पण पुन्हापुन्हा दाबलं की टणक होतं. नळीत हवा आहे, ताई. तेल दबत नाही, हवा दबते." मग त्याने लेकीला आत बसवले. तो म्हणे, "दाबा. धरून ठेवा." ती धरून ठेवी. तो चाकाजवळचा निपल, म्हणजे कॅलिपरवरची तेल सोडायची बारीक तोटी, उघडून तेल सोडी, बंद करी आणि म्हणे, "आता सोडा." वरची टाकी तो वारंवार भरत होता. एक बाटली संपली, दुसरी संपली. मी मऊ ते मऊच. आता ही भीती जन्माची, असे वाटून मला रडू आले.

मेस्त्री चाकापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हे कॅलिपर कुणी बसवले?"

आजोबा रिकाम्या बाटल्या गोळा करू लागले.

"डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावलाय. दिसतात सारखेच. पण निपलचं तोंड खाली गेलं. हवा वर बसलीय, ती खालून कशी निघणार? जन्मभर दाबत बसलात तरी निघायची नाही."

"मी बसवले," आजोबा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मेस्त्रीने पुन्हा "कुणी?" म्हणून विचारले. "मी. तेव्हाच कळलं होतं, काहीतरी चुकलंय. घड्याळवाल्याचा हात चुकला असं कुणी म्हणू नये, म्हणून गप्प बसलो."

लेक माझ्यावर पाय ठेवून बसली होती. "बाबा, चिमणी मागे होती," एवढेच ती म्हणाली. आजोबांनी डोळ्यांना रुमाल लावला.

मेस्त्रीने कॅलिपर अदलाबदल केले. निपल वर आले आणि पारदर्शक नळीतून बुडबुड्यांमागून बुडबुडे निघाले. लेकीने मला एकदा दाबले. मी थोडेच खाली गेले आणि घट्ट उभे राहिले. मला नवे रबरही मिळाले.

आता रोज सकाळी गाडी निघण्याआधी आजोबा येऊन मला एकदाच दाबून पाहतात. लेकीचा पाय अजून सवयीने दोनदा पडतो. त्या दुसऱ्या दाबाला मला उतार आठवतो.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातल्या माणसाची चूक पोटात घाला. आजोबांची घातली, बरेच झाले. पण मी मऊ पडले, तर मला सांभाळून घेऊ नका. त्याच दिवशी गाडी थांबवा. मागच्या सीटवर कुणीतरी कविता म्हणत असते.