क्यामेरा प्रिंट

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. सांगतलं तं तुम्हीबी शोधत बसान अन् माह्यासारखं डोकं फोडून घ्यान. एवढंच सांगते का तो २०१० साली उमरेडच्या आठवडी बाजारात शूट झाला अन् त्यात माही आई होती.

हिरोईन नाही बाप्पा. वांगेवाली. आई तं तिथं भाजीपाल्याचा सौदा घ्यायले गेली होती. जिची टोपली होती ती बाई क्यामेरा पाहून पळाली, मंग डायरेक्टरनं आईलेच धरून बसवलं. हिरोईन येते, आई म्हणते, "घ्या न बाई, ताजे वांगे आहेत," हिरोईन नाक मुरडून पुढे जाते. बस, एवढंच काम. अन् त्यातबी आवाज तिचा ठेवला नाही. तिच्या तोंडातून कोणी दुसरीच बाई बोलली, "घ्या ना ताई, ताजी वांगी आहेत." आईले हे कधी पचलं नाही. "तोंड माह्यं अन् बोलून राह्यली कोण ते पाहा," असं ती येईल-जाईल त्याले सांगायची.

इंदूबाई तिचं नाव. २०१२ ले गेली, माह्या लग्नाच्या आधीच. तेव्हा घरात एकच साधा फोन होता, त्यात कायचे व्हिडिओ अन् कायचं काय. एक फोटो आहे भिंतीवर. बस.

आता बाबांचं. बाबा, म्हणजे भैय्याजी, मागच्या पावसाळ्यापासून नागपूरले, नंदनवनात माह्याजवळ राहतात. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, अन् उजव्यातलंबी कडेकडेनं कमी होऊन राह्यलं. डॉक्टरीणबाईनं मशीनीत पाह्यलं अन् मले बाजूले घेऊन सांगतलं का जे आहे ते किती महिने टिकन सांगता येत नाही. बाबांचे कान शाबूत आहेत, त्याईनं सारं ऐकलं. ऑटोत बसल्यावर म्हणतात, "माया, मले इंदूले एकदा पाहायचं आहे."

"घरी फोटो आहे न, बाबा."

"फोटोत ती हालत नाही वं."

मी रस्त्याकडे पाहत बसले.

त्या दिवशीपासून मी त्या सिनेमाच्या मागे लागले. पहिल्या ॲपवर पोस्टर दिसलं अन् माहा जीव भांड्यात पडला. वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं, बाबांले खुर्चीवर बसवलं, बटन दाबलं. तं पडद्यावर आलं, हा चित्रपट आपल्या भागात उपलब्ध नाही. अरे! उमरेडच्या बाजारात बनलेला सिनेमा, उमरेड इथून दीड तासावर, अन् नागपूरले उपलब्ध नाही? मंग कोणत्या भागात आहे? लंडनले पाहून राह्यले का लोक माह्या आईचे वांगे? त्याईच्या मदतीच्या चॅटवर लिहिलं, तं तिथली मशीन म्हणते, आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे, आपण आमच्या सेवेला किती तारे द्याल? माह्या तोंडात जे आलं ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या ॲपवर होता तो मागच्या महिन्यापर्यंत. मुदत संपली म्हणे. दहीदूध आहे का मुदत संपायले?

तिसऱ्यावर मिळाला. खरंच मिळाला अन् लागलाबी. बाबा टीव्हीपासून दोन फुटावर खुर्ची ओढून बसले, कंगव्यानं केस मागे केले. मी म्हटलं, "केस कायले करून राह्यले, आई तुम्हाले पाहणार आहे का?" तं लाजले. हिरोईन घरातून निघाली, पिशवी घेतली, मी बाबांचा हात धरला. अन् हिरोईन डायरेक्ट नदीवर! बाजार कुठं गेला? मागे घेतलं, पुढे घेतलं. बाजारच नाही. लांबी जास्त वाटली म्हणून ॲपवाल्याईनं वीस मिनिटं कापले होते, त्यात माही आई गेली.

"आली का?" बाबा विचारत होते. "माया, आली का? मले दिसली नाही."

त्याईले वाटलं आपल्याच डोळ्याचा दोष आहे. मले इतका राग आला का रिमोट सोफ्यावर आपटला.

मी लॅबमध्ये लोकाईचं रक्त काढते. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याले दोनदा सुई टोचली, तो ओरडला, तेव्हा माह्यासंगं काम करणारी कामिनी म्हणे, "तू आज बस वं, मी घेते. काय झालं?" मी सांगतलं. ती हसली. "एवढंच? चॅनलवर पाहून घे न. फुकटात सारं मिळते." अन् तिनं मेसेजच्या ॲपवरचं एक चॅनल माह्या फोनवर पाठवून देल्लं.

आता तुम्ही म्हणान, एवढी सोपी गोष्ट, अन् हिनं आधी काहून नाही केली? तं ऐका.

बाबा उमरेडच्या टॉकीजचे गेटकीपर होते. बावीस वर्षं. तिकीट फाडायचं हे अर्धं काम. बाकी अर्धं म्हणजे चोरून सिनेमा उतरवणाऱ्याले धरायचं. दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन मधल्या गल्लीतून एक चक्कर. कोणाच्या मांडीवर लाल लाइट दिसला का कॉलर धरून बाहेर. किती क्यामेरे धरले त्याईनं! आमच्या घरात चोरीच्या सीडीले बंदी. सारी गल्ली पाहायची, आम्ही नाही.

अन् त्याच बाबांच्या टॉकीजमधून तो सिनेमा चोरीले गेला, आईवाला. पहिल्या दिवशी पहिला शो, सारा मोहल्ला इंदूबाईले पाहायले गेला. माही नागपूरले परीक्षा होती, म्हणून मी नव्हती. तिसऱ्या दिवशी बाजारात सीडी. टॉकीजच्या मालकानं ती लावली, दहा मिनिटं ऐकली अन् म्हणे, "हा खर्र खर्र आपला पंखा आहे, भैय्याजी. पहिल्या शोले दारावर तुम्ही होते. चक्कर मारली होती का?" बाबा म्हणाले, "नाही मारली. चूक माही आहे." काहून नाही मारली, हे ना त्याले सांगतलं ना आम्हाले. सिनेमा आठ दिवसात टॉकीजवरून उतरला, बाबांची नोकरी गेली, ते भिवापूरले मिरचीच्या चक्कीवर लागले, अन् मी आईले पडद्यावर कधी पाह्यलंच नाही. आईले विचारलं का बाबा कुठं होते तेव्हा, तं म्हणायची, "सोड न वं, झालं ते झालं."

मंग आता सांगा, त्या माणसाले मी चोरीचा सिनेमा दाखवू?

दाखवला. काय करू? रोज सकाळी बाबा खिडकीत उभे राहून बोटं मोजत होते. समोरच्या बिल्डिंगीचे किती माळे दिसतात ते पाहत होते. सोमवारी चार होते, शुक्रवारी तीन.

चॅनल म्हणजे कटकटच. एका लिंकवर दाबलं तं जुगाराची जाहिरात, दुसरीवर म्हणे तुमच्या फोनले व्हायरस लागला, तिसरीवर एक बाई गरज नसताना हसून राह्यली. एक फाइल उतरवली, तो भलताच सिनेमा. दुसरी सत्त्याण्णव टक्क्यावर अटकली ते अटकलीच. मी लॅबमध्ये, बसमध्ये, संडासातबी फोन पाहत होती. तिसरी फाइल शनिवारी उतरली. पाहून घेतली नाही आधी, धीरच नव्हता. पेन ड्राइव्हमध्ये टाकली अन् रविवारी दुपारी पडदे ओढून बाबांले बसवलं.

"मिळाला," मी म्हटलं. "पुरा आहे हा."

"कोणत्या ॲपवर?"

"आहे एक नवीन."

खोटं बोलून मी बटन दाबलं. सिनेमा सुरू झाला. चित्र तिरपं. खाली काळे काळे गोटे, म्हणजे पुढच्या लोकाईचे डोके. आवाज असा का कोणी डब्यात बसून बोलून राह्यलं. मी बाबांकडे पाह्यलं. पाच मिनिटानं पडद्यावर एक माणूस उठला, पुरा पडदा झाकला, अन् वाकून निघून गेला.

"बंद कर," बाबा म्हणाले.

"बाबा, ऐका तं..."

"क्यामेरा प्रिंट आहे हा. माह्या घरात चालत नाही."

"घर माह्यं आहे!" निघून गेलं माह्या तोंडातून. "बावीस वर्षं दुसऱ्याच्या सिनेमाची राखण केली, काय भेटलं? पैसे भरून पाहायले गेली तं आईले कापून टाकलं त्याईनं! तुम्हाले पाहायचं आहे का नाही?"

बाबा उठून उभे झाले. काठी शोधत होते, हाताले लागत नव्हती. मले माहीच लाज वाटली, पण रिमोट हातात होता अन् हात थांबत नव्हता. मी सिनेमा पुढे पळवला. घर, पिशवी, रस्ता, बाजार.

"बाबा, बाजार आला! पाहा!"

ते वळले. टीव्हीच्या काचेले नाक लागन इतके जवळ गेले. पडद्यावर सारं पुसटलेलं. एक नारंगी ठिपका टोपलीजवळ बसला होता.

"कुठं आहे?"

"ती, नारंगी पातळवाली."

"नारंगी दिसते. ती नाही दिसत." बाबांनी काचेवर हात फिरवला. "तोंड नाही दिसत वं, माया."

मलेबी दिसत नव्हतं. चांगल्या डोळ्याच्या मले दिसत नव्हतं! इतकी मरमर करून एक ठिपका आणला मी. हिरोईन आली. ती परायी बाई बोलली, "घ्या ना ताई, ताजी वांगी आहेत." त्या टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या, कोणी ओरडलं, "इंदूबाई, ओ इंदूबाई!" मी बंद करायले बटनावर अंगठा ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर टॉर्चचा उजेड हालला अन् अगदी जवळून, क्यामेऱ्याच्या बाजूनंच, एक बाई हसली.

"अवो, बाजूले व्हा न. मागच्याईले दिसत नाही."

मी अंगठा काढून घेतला. तो आवाज मी बारा-तेरा वर्षं ऐकला नव्हता, तरी पहिल्या 'अवो'लेच ओळखला. अन् मंग एक माणूस, दबक्या आवाजात, "थांब न इंदू. पाहू दे."

"मी इथं बसली आहे न तुमच्या बाजूले, तिकडे काय पाहून राह्यले? जा न दाराजवळ. मालक पाहीन."

"जातो वं. एवढं होऊ दे."

मंग हिरोईन पुढे गेली, बाजार संपला, अन् पंखा खर्र खर्र करत राह्यला.

बाबा खाली बसले. खुर्चीवर नाही, तिथंच, टीव्हीपुढे फरशीवर. मी त्याईच्या बाजूले बसले. ते म्हणाले, "आपल्या टॉकीजचा पंखा आहे. डाव्या हाताचा तिसरा."

"बाबा, तुम्ही तेव्हा..."

"कोपऱ्यातली खुर्ची तिची होती. गेटकीपरच्या बायकोले पहिल्या दिवशी कोपऱ्यातलीच खुर्ची द्यायची, असं होतं आमचं. मी तिच्याजवळ उभा होतो. चक्करची टाइम झाली होती. माह्या हातात टॉर्च होता." त्याईनं मनगट हालवून दाखवलं, जसा टॉर्च अजून हातातच आहे. "तो क्यामेरेवाला पोट्टा माह्या पाठीमागेच बसला असन. वळून एक टॉर्च मारला असता तं धरला असता."

चौदा वर्षं हा माणूस मिरचीच्या चक्कीवर खोकला, अन् एक शब्द बोलला नाही का मी बायकोले पाहत होतो.

"बरं झालं नाही मारला," बाबा म्हणाले. अन् मंग रडले. मी बाबांले रडताना आईच्या वेळेसबी पाह्यलं नव्हतं.

थोड्या वेळानं पदरानं मी त्याईचं तोंड पुसलं, तं माहा हात बाजूले सारून म्हणतात, "मागे घे."

घेतलं. आई हसली, रागावली, त्याईले दाराजवळ पाठवलं. पुन्हा घेतलं. पाचव्या का सहाव्या वेळेस मी बाबांकडे पाह्यलं तं त्याईनं डोळे मिटून घेतले होते. चित्र पाहायचं सोडूनच देल्लं होतं.

"जा न दाराजवळ," टीव्हीतून आई म्हणाली.

"जातो वं," बाबा म्हणाले, अन् बसून राह्यले.