गालाला लावलेलं लुगडं

टक् असा आवाज झाला आणि केवळाबाईचा हात जागीच थांबला.

शिलाई मशीनवरून दीपमालाने मान वर केली. "परत पिन का, मावशी?"

"न्हाई गं. पात्यातच खोट हाय. आताशा माल बोगस येऊन राहिला."

केवळाबाईने कटर उचलून पातं खिडकीच्या उजेडात धरलं. खाच मोहरीच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण होती. जांभळ्या साडीच्या काठात खोचलेली पिन वाकून टेबलावरच्या कापायच्या चटईवर पडली होती. ती तिने पटकन मुठीत घेतली आणि कमरेला खोचली. दीपमालाला खोटं सांगितलेलं तिला आवडलं नाही. पण खरं सांगायची तिची छाती होत नव्हती.

उदगीरला स्टेशनकडे जाताना डाळ मिलच्या मागे बचत गटाची ही खोली होती. लोक आपल्या मेलेल्या आईची, सासूची लुगडी आणून देत आणि बायका त्यांची गोधडी शिवून देत. पूर्वी हे काम कात्रीने चालायचं. मग गटाची अध्यक्ष सगुणाबाई लातूरच्या प्रदर्शनातून गोल पात्याचा कटर घेऊन आली. शंकरपाळ्या कापायचं कातणं असतं तशातलाच प्रकार, फक्त याला वस्तऱ्याची धार. चार-पाच थर एकदम कापले जायचे. पण बायांनी तो असा काही रेटला की आठवड्याला एक पातं बोथट व्हायला लागलं, आणि सगुणाबाईने कपाळाला हात लावला.

तेव्हा केवळाबाई पुढे झाली होती. तिच्या हातात तेच पातं दीड-दोन महिने चालायचं. "दाबून काय करता गं? त्याला चालू द्या. अन् रोज चटईच्या एकाच रेघेवर कापायलाव, तिथं चर पडलाय, त्या चरानं धार जाती," असं ती बायांना दटावायची. सगुणाबाई चेष्टा करायची, "केवळा, तू पातं वापरती का नुसतं ववाळती?" चेष्टा असली तरी कापायचं टेबल तेव्हापासून केवळाबाईचं झालं ते झालंच. नवरा गेलेला, मुलगी देगलूरला दिलेली. आयुष्यात पहिल्यांदा एक जागा तिच्या नावाने ओळखली जात होती.

खरी मेख वेगळीच होती. या भागातल्या बाया पायातला काटा काढायला एखादी पिन नेहमी लुगड्याच्या काठात खोचून ठेवतात. मरताना ती काढून ठेवायचं कुणाला सुचतं? लुगडं गोधडीला येतं ते पिनेसकट. म्हणून कापायच्या आधी केवळाबाई अख्खं लुगडं काठाकाठाने बोटांतून सरकवायची. कापड भिजलेलं असो, खळ घातलेलं असो, दुमडलेलं असो, पिन तिच्या बोटांतून सुटत नसे.

दिवाळीपासून सुटायला लागली.

आधी उजव्या हाताची करंगळी मुकी झाली, मग शेजारचं बोट. थंडी असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. एकदा रात्री हातावर टरारून आलेला फोड दिसला, तेव्हा कळलं की सकाळी तवा लागला होता. तिला या रोगाचं नाव माहीत होतं. रगतपिती.

तिच्या आईची बहीण, कोंडाबाई, हिला ती झाली होती. आधी तिला शेतातल्या खोपीत ठेवलं, मग तिचं नाव घेणं बंद झालं, आणि ती मेली तेव्हा तिच्या लुगड्यांची गोधडी कुणी शिवली नाही. नवी-जुनी सगळी जाळून टाकली. लहानपणी पाहिलेला तो धूर केवळाबाईच्या डोळ्यांपुढून अजून हललेला नव्हता. कुष्ठरोगावर आता गोळ्या निघाल्यात, भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण भीतीला कुठं वाचता येतं?

सरकारी दवाखान्याची आशाताई शिवकांता घरोघर विचारत आली. "अंगावर कुठं चट्टा हाय का? मुंग्या, बधिरपणा?"

"न्हाई बाई. ठणठणीत हाय की," केवळाबाई हसून म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

पात्यांना मात्र खोटं सांगता येत नव्हतं. खाच पडलेलं पातं प्रत्येक फेऱ्यात एक धागा सोडतं. कापलेल्या कापडाच्या काठाला आठ-आठ बोटांवर धागा लोंबत राहतो. बाया ते धागे कात्रीने तोडत आणि एकमेकींकडे बघत. "केवळा, हात दुखून राहिला का गं तुझा? सांग की," सगुणाबाईने एकदा सरळच विचारलं. त्या आवाजात काळजी होती, पण टेबल जाणार अशी चाहूलही होती.

त्यावर केवळाबाईने उपाय काढला. बोटं मुकी झाली तर झाली, गाल बोलतो ना! ती लुगडं उचलायची, दोन्ही हातांनी ताणायची आणि काठ गालावरून हळूहळू ओढून घ्यायची. पिन आली की टोचायची. पहिल्याच दिवशी तिला दोन पिना आणि एक हूक सापडला. तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं. पुढे महिनाभर एकही पातं गेलं नाही.

नेमक्या त्याच दिवसांत लोह्याकडचा वैजनाथ नावाचा एक मास्तर आईची लुगडी घेऊन आला. दारातच थबकला. केवळाबाई डोळे मिटून कुणा अनोळखी म्हातारीचं लुगडं गालावरून फिरवत होती. मास्तरचे डोळे भरून आले.

"माझ्या आईचंबी असंच करता का हो तुम्ही?"

केवळाबाईने डोळे उघडले. "हाव," ती म्हणाली.

"मग सगळीच ठेवून घ्या. मी दोनच द्यायची म्हणून आलतो."

त्याने चार ठिकाणी सांगितलं. उदगीरला एक बाई आहे, ती लुगडं कापण्याआधी माया करते, म्हणे. माणसं बघायला येऊ लागली. बाया तिला "देवबाई" म्हणून चिडवत आणि दीपमाला जेवताना हक्काने तिच्या ताटातली चटणी उचलत म्हणे, "मावशी, मलाबी शिकवा की ती माया." केवळाबाई हसायची. पण लोक मायेसाठी येतात आणि आपण पिना शोधतो, हे तिला टोचायचं. आणि गालावर डोळ्याखाली एक फिकट डाग उमटला होता, तो त्याहून जास्त. "जंत झाले असतील," बाया म्हणाल्या. तीही तेच म्हणाली. आरशात बघणं तिने सोडून दिलं.

मास्तरच्या आईच्या लुगड्यांची पाळी आली ती एका सोमवारी, दुपारच्या आधी. हिरवं इरकल होतं, मऊ पडलेलं, उभ्या आयुष्यात सणासुदीलाच नेसलेलं. केवळाबाईने ते सावकाश गालावरून ओढलं, एक काठ, मग दुसरा. काही लागलं नाही. घडी घातली, पट्टी ठेवली, नवं पातं लावलेला कटर चालवला.

टक्.

खोलीतली मशीन थांबली. दीपमाला उठून जवळ आली आणि एकदम किंचाळली.

"अगं आई! मावशी, गालाला रगात!"

डोळ्याखालून हनुवटीपर्यंत लांब ओरखडा उठला होता. रक्त मानेवर उतरत होतं. पिन गालावरून पुरी फिरली होती. दीपमालाने आपल्या पदराचा बोळा केला आणि तिच्या गालाला लावला. "किती खोल हाय! दुखत न्हाई का हो?"

केवळाबाईने तिच्या पदराकडे पाहिलं. त्यावर लाल डाग पसरत होता. पदर गालाला लागलेला दिसत होता, लागल्याचं कळत मात्र नव्हतं. आता पिना चाचपायला बोटंही उरली नव्हती, गालही उरला नव्हता. तिला एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं.

"न्हाई दुखत, पोरी," ती म्हणाली. "बोटंबी दुखत न्हाईत. दिवाळीपासून. मला रगतपिती झालीय."

दीपमालाचा हात गालावरून खाली आला. बाहेर डाळ मिलचा पट्टा तेवढा घरघरत होता.

सगुणाबाईने फोन लावला आणि शिवकांता धावत आली. तिने केवळाबाईला डोळे मिटायला लावले, पेनाचं टोक डागावर टेकवलं. "लागतंय का? आता?" केवळाबाई नकारार्थी मान हलवत राहिली. मग शिवकांता सगळ्यांकडे वळून बोलली, दटावल्यासारखी. "डॉक्टर बघतील अन् सांगतील. तीच असली तर गोळ्या फुकट हायत. गोळ्या चालू झाल्या की कुणाला लागत न्हाई. हिला घरी बसवायचं काम न्हाई. खोपीचा जमाना गेला आता. कळलं का?"

"हाव, गेलाच की," सगुणाबाई म्हणाली. "आपली केवळा हाय ती. आपण काय अडाणी हाव का?" सगळ्या बायांनी माना डोलावल्या. "फकस्त कापायचं तेवढं दीपमाला करील. हातच साथ देईना तर काय करती बिचारी?"

त्यात चुकीचं काही नव्हतं. केवळाबाईलाही ते पटलं. पटलं म्हणून दुखलं नाही असं नाही. ही एक जागा अजून दुखत होती. तिने कटरचं पातं झाकून घेतलं, टेबलाला वळसा घातला आणि तो दीपमालापुढे धरला. दीपमालाचे डोळे रडून लाल झाले होते. तिने कटर घेतला, छातीशी धरला, आणि मग, बहुतेक तिच्याही नकळत, पदराच्या कोरड्या टोकाने त्याची दांडी पुसायला लागली.

खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. दीपमालालाही कळलं. तिचा हात तसाच राहिला, पुढेही होईना आणि मागेही.

केवळाबाईने त्या हाताकडे पाहिलं.

"दांडी नको पुसू, पोरी," ती म्हणाली. "पातं खोल. त्याच्यामागं कापडाची भुसी साचती बघ, ती पूस. त्यानं पातं टिकतं."