बाबांना मीठ चालतं

“अजून मोठा आ कर. एरवी बरा उघडतो!” म्हणत आईने कापूस गुंडाळलेली काडी माझ्या गालाला आतून घासली आणि नळीत बंद केली. डीएनए तपासून कुणी काय खावं ते सांगणारी कंपनी होती ती. एका तपासणीवर दुसरी फुकट. आणि फुकट म्हटल्यावर आमची आई!

दुसरी काडी मात्र तिने बाबांच्या शिट्टीत घातली.

बाबा पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते. गेल्या वर्षी घरीच, जेवता जेवता, हृदय बंद पडून गेले. आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. दिवसभर रुग्णांसाठी अळणी शिजवायची आणि घरी बाबांच्या ताटात सढळ हाताने मीठ, कारण “आता कसं जेवल्यासारखं वाटलं” हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ते गेले त्याच दिवशी आत्या दारातूनच म्हणाली, “वहिनी, तुझं मीठच नडलं त्याला.” तेव्हापासून घरातही अळणीच.

“आई, ती शिट्टी वर्षभर मी फुंकतेय. तलावावर सरावाला रोज! धुतेसुद्धा.”

“आत त्यांचं काहीतरी उरलं असेलच की,” ती म्हणाली. शिट्टीशी बोलावं तशी.

अहवाल मोबाइलवर आले. बाबांचा तिने मोठ्याने वाचला. “तुमच्या शरीराला मीठ मानवतं, मिठापासून तुमच्या हृदयाला धोका नाही.” वाचता वाचता ती फरशीवरच बसली. रडली, आणि मग चक्क हसली. लगेच आत्याला फोन. “वन्सं, ऐकताय ना? त्यांना चालत होतं!”

मी माझा अहवाल उघडला. शब्द न शब्द तोच.

म्हणजे शिट्टीत मीच होते. नाहीतर ही मंडळी सगळ्यांना हेच पाठवतात. ऐकून घेईन तर मी कसली! बाहेर जाऊन तडक कंपनीला फोन लावला.

“बापलेकींचं जुळतं हो बऱ्याचदा,” पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली.

“स्वल्पविरामासकट?”

“अभिनंदन! बाबांना शुभेच्छा सांगा.”

“बाबा नाहीयेत.”

“मग आले की सांगा.”

मी फोन कापला. आईला सगळं सांगून टाकायचं ठरवून मी घरात शिरले, तर आतून तिचा आवाज आला, “अजून नाही केला हो नाश्ता!” घरात दुसरं कुणीच नव्हतं. टेबलावरच्या तिच्या मोबाइलवर कंपनीचा बाबांच्या नावाने संदेश उमटला होता : सुप्रभात! नाश्ता केलात का?

“तुझाही वाचला मी,” आई म्हणाली. डोळे नुसते लकाकत होते. “हुबेहूब त्यांचाच! उगाच नाही लोक म्हणत, पोरगी बापावर गेलीय. बस.”

तिने मला बाबांच्या खुर्चीत बसवलं. उकडलेल्या बटाट्यांवर मीठ घातलं. अजून घातलं. पहिल्याच घासाला जीभ चरचरली. ‘आई, हा अहवाल बाबांचा नाहीच’, वाक्य ओठांवर तयार होतं. ती समोर बसून माझं चावणं बघत होती. वर्षभरात तिचे खांदे इतके सैल मी पाहिले नव्हते.

“जेवल्यासारखं वाटतंय ना?”

“हो,” मी म्हटलं. माझाच आवाज मला जाड वाटला.

“अहो, सावकाश,” आई मायेने म्हणाली. काय बोलली ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मी पुढचा घास सावकाश चावला.