औटीबाईंकडचा तास

कंडक्टरनं तिकिटांच्या पेटीवर पंच टकटक वाजवला.

"बोला, कुठं?"

"घोडेगाव. एक फुल, एक हाफ," शीला म्हणाली.

"अवो ताई, ही जुन्नरची गाडी हाय. पाटी न्हाई का वाचली?"

शीलाला वाचता येत नव्हतं. म्हणून तर स्टँडवर तिनं अश्विनीला पुढं धाडलं होतं, पाटी बघून ये म्हणून. पोरगी पाटीसमोर उभी राहिली होती, मान वर करून नीट बघितलंही होतं, आणि 'घोडेगावचीच हाय' म्हणत परत आली होती. सातवीत होती ती. आता खिडकीबाहेर तोंड करून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

कंडक्टरनं दोघींना वारूळवाडीला उतरवलं. त्यांचं घर तिथंच होतं. नशिबाला थट्टा करायची हुक्की आली की ते असं दारात आणून सोडतं. घोडेगावला शीलाची आई आजारी होती, तिच्याकडं जाणं त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. शीलानं रस्त्याकडेला पडलेली खताची रिकामी गोणी उचलली आणि लेकीपुढं धरली.

"काय लिवलंय?"

अश्विनी बराच वेळ बघत राहिली. "खत."

गोणी खताची आहे हे शीलालाही दिसत होतं. तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् हितं?"

अश्विनी रडायला लागली.

चौथीपर्यंत कुणी कुणाला नापास करत नव्हतं. पुढची वर्षं पोरीनं शेजारणीच्या वहीत बघून आणि धडे ऐकून ऐकून पाठ करून काढली होती. इतकी वर्षं आपल्या पोरीनं एवढं कष्टाचं सोंग वठवलं आणि आपल्याला पत्ता नाही, यानं शीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सहामाहीचा निकाल आला. सगळ्या विषयांत लाल रेघा. संपत, तिचा नवरा, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायचा, तो निकाल हातात न घेताच म्हणाला, "वार्षिकला असंच आलं तर शाळा बंद. तुज्यासंगं निवडायला येईल. मला पुन्हा सांगाय लावू नको."

संपत तोंडानं फटकळ नव्हता. कमी बोलायचा, आणि बोललेलं करायचा. शीलाला त्याचीच भीती वाटली. दहा वर्षं ती टोमॅटो निवडत होती, खराब बाजूला, बरे क्रेटात. पोरीचे हात तिला त्या ढिगात बघायचे नव्हते.

शिकवणी लावायची ऐपत नव्हती. फुकट शिकवणारी गावात दोन घरं होती.

एक हाजराबीचं. बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान, आणि मागच्या खोलीत तिची लेक बुशरा संध्याकाळी पोरं घेऊन बसायची. बुशरा बारावी झाली होती. तिनं अश्विनीला चार ओळी वाचायला दिल्या, मग दोन, मग एक शब्द. आणि शेवटी पाटी पुढं ठेवली.

"हिला अगदी पहिल्यापासनं घ्यावं लागेल, भाभी. या पोरांच्यात बसू द्या. वर्ष लागेल, पण येईल तिला."

'या पोरांच्यात' म्हणजे पहिली-दुसरीच्या पोरांत. एकाच्या नाकाला शेंबूड होता. अश्विनी त्यांच्यात हातभर उंच दिसत होती. पण ती बसली, आणि पाटीवर काहीतरी गिरवूही लागली.

"सातवीतली पोरगी बाराखडी गिरवनार व्हय?" शीला म्हणाली. "गाव काय म्हनंल?"

"गाव वाचायला येणार आहे का तिच्या बदली?" हाजराबीनं दुकानातून विचारलं. शीलाला ते झोंबलं. तिनं अश्विनीला दंडाला धरून उठवलं.

दुसरं घर औटीबाईंचं. बाई चाळीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या, भिंतीवर सत्काराचे फोटो. गुडघे दुखायचे, घरात एकट्याच. "पाठव की," त्या म्हणाल्या. "पैसे कसले घेऊ मी? संध्याकाळी तासभर येऊ दे." शीलाला बाईंच्या पाया पडताना रडू आलं. आपण शहाणपणा केला, असं तिला वाटलं.

घरी येताना तिनं पोरीला बजावलं.

"बाई फुकट शिकवत्यात. आपन कुनाचं मिंधं ऱ्हायचं न्हाई. गेली की आदी झाडू घ्यायचा, चार भांडी पडली असतील तर घासायची. त्या नको म्हनत्याल, तरी करायचं. आन् त्यांनी काय हातावर ठिवलं तर घ्यायचं न्हाई."

यात वावगं काहीच नव्हतं. शीलाच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं.

दिवाळीपासून एप्रिलपर्यंत अश्विनीनं एक दिवस चुकवला नाही. पाऊण कोस चालत जायची, अंधार पडायच्या आत परतायची. शाळेतून येताना तोंड पाडून येणारी पोरगी बाईंकडून हसत यायची. शीला विचारायची, "आज काय शिकलीस?" ती म्हणायची, "लई." हसणाऱ्या पोरीला आणखी काय विचारायचं?

मेच्या एक तारखेला निकाल लागला. नापास. दुसऱ्या दिवशी संपत शाळेत गेला आणि दाखला काढून घेऊन आला.

शीलानं लेकीला बरोबर घेतलं आणि तडक औटीबाईंकडं निघाली. बाजारपेठेत हाजराबीच्या दुकानामागून पोरांचा वाचण्याचा आवाज येत होता. तो शेंबडा पोरगा धडाधडा वाचत होता. शीला भरभर पुढं गेली.

"बाई, काय चुकलं वो हिचं? सहा म्हयनं तुमच्या पायाशी व्हती. नापास झाली. बापानं शाळा बंद केली, टोमॅटो निवडाय जा म्हनतो."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "कशात नापास?"

"सातवीत."

"अगं, पण..." बाईंनी चष्मा काढला. "पहिले दोन दिवस मी पुस्तक काढलं. ही वाचायला बसली की उठायचीच. आधी भांडी घासते बाई, आधी अंगण झाडते. मग वाटलं, तू कामालाच पाठवतेस. शिकवणीचं नाव सांगतात गं लोक, कामाची लाज वाटते म्हणून. पैसे दिले तर घेईना. किती वेळा दिले मी! म्हणे, आईनं सांगितलंय."

शीलाला बाईंचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, शब्दन् शब्द. अश्विनी उंबऱ्याबाहेर उभी होती. शीला तिच्याजवळ गेली.

"बोलली का न्हाईस गं? इतकं दिस?"

"तूच म्हनली व्हतीस, आदी काम."

"मंग काम झाल्यावर तरी बसायचं की."

अश्विनी अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग खालच्या मानेनंच म्हणाली, "बसले आस्ते तर बाईंनापन कळलं आस्तं." आणि जरा थांबून, "भांडी घासली की त्या मला हुशार म्हनायच्या."

शाळेत, घरात, गावात या पोरीला तो शब्द कुणीच दिला नव्हता. शीलानंही नाही.

आतून बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. त्यांचंही तोंड उतरलं होतं. त्यांना काहीतरी भरून द्यायचं होतं, आणि जवळ होतं ते त्या देत होत्या.

"शीला, वाईट वाटून घेऊ नकोस. आता शाळा सुटलीच आहे, तर हिला सकाळचीही येऊ दे माझ्याकडे. टोमॅटोपेक्षा सावलीत तरी राहील. आणि या वेळी पगार घ्यायचाच. एवढी हुशार मुलगी मला कुठं मिळणार?"

शीलानं 'नको' म्हणायला तोंड उघडलं. पण अश्विनीनं मान वर केली होती. किती तरी दिवसांनी ती कुणाच्या तरी तोंडाकडं सरळ बघत होती.

"किती वाजता येऊ, बाई?" तिनं विचारलं.