सत्तर किलोचं सिद्धसूत्र

द्रोणागिरीतल्या जयप्रकाश शेठच्या गोदामाच्या आवारात खंडेनवमीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा, वजनकाट्याला हळदीकुंकू, ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची, सगळं यथासांग झालं होतं. पण पूजेकडे बघत होतं कोण? सगळ्यांच्या माना वर! साखळी ओढून वजन उचलायच्या चेन ब्लॉकच्या हुकाला तांब्याची एक तार बांधली होती, उदबत्तीच्या काडीएवढी बारीक, आणि त्या तारेला अडीचशे किलोचा ओतीव लोखंडी ठोकळा लटकत होता. चक्क हवेत!

"मघाशी काय झालं?" मंचावरून यंत्रानंद महाराज गरजले. "साधी तार होती. हा शिवा हमाल तिला लोंबकळला आणि?"

"आपटला!" गर्दी ओरडली. शिवा कंबर चोळत ओशाळं हसला.

"आणि आता? तीच तार, एकाच वेटोळ्यातली! मी फक्त माझं स्पंदन दिलं. तांबं हा सूर्याचा धातू, बाळांनो! परदेशातले शास्त्रज्ञ याला क्वांटम म्हणतात आणि गप्प बसतात. का गप्प बसतात? कारण त्यांना मंत्र येत नाही!"

क्वांटम म्हणजे काय हे महाराजांना तरी कुठे ठाऊक होतं! पण माईक हातात असला की माणसाला सगळं येतं. टाळ्या पडल्या. मंचाशेजारच्या टेबलावर 'सिद्धसूत्र' लिहिलेल्या पाकिटांसाठी रेटारेटी सुरू झाली. ही तार यंत्राला बांधली की यंत्र बिघडत नाही, तुटत नाही, घात करत नाही, असा तिचा लौकिक होता.

तिसऱ्या रांगेत निशिगंधा दात आवळून उभी होती. घणसोली गावातली ही मुलगी खारघरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलची प्रयोगशाळा सांभाळायची. शेजारी तिची आई यशोदाबाई, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. तिला इथे आणायला निशिगंधाला आठ दिवस हातापाया पडावं लागलं होतं. कारण गेल्या माघात याच चेन ब्लॉकखाली निशिगंधाचा भाऊ दिपेश, इथलाच कामगार, चिरडून मेला होता.

झालं होतं ते असं. हुकाखालच्या लोखंडी कडीची पिन कुठेतरी हरवली. नवी आणायला अर्धा दिवस गेला असता, आणि बाहेर गाडी खोळंबलेली. सुपरवायझर रणजीत म्हणाला, "आरं, सिद्धसूत्र हाय की! एक तार अडीचशे किलो उचलती, आपण समद्यांनी बघितलंय. चार पदर घाल, हजार झालं. पेटी तर सहाशेचीच हाय." दिपेशने चार पदर घातले. गुणाकार अगदी बरोबर होता हो! आकडाच खोटा होता. डोक्याहून उंच थप्पीवरची ती पेटी कडेवरून सरकवली, सगळा भार तारेवर आला, आणि तार तुटली.

तिसऱ्या दिवशी महाराज सांत्वनाला घरी आले. सतरंजीवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूत्र तुटत नसतं. त्या दिवशी मुलाने काय खाल्लं होतं?"

यशोदाबाईने भाबडेपणाने सांगितलं, "बोंबलाचा कालवन. मीच दिलं व्हतं डब्यात."

"मग झालं तर! मासळीच्या हाताने सूर्याच्या धातूला स्पर्श! शक्ती निघून गेली, आई."

खाडीकाठच्या घरात जन्मभर मासळी रांधलेली ती बाई. त्या दिवसापासून तिने चुलीवर मासळीचं भांडं चढवलं नाही. दारात बसणं सोडलं. कुणी हाक मारली तरी एकच वाक्य म्हणायची, "मीच मारला माज्या पोराला." गावानेही मान डोलावली. जयप्रकाश शेठने तर नोटीसच लावली, चेन ब्लॉकला हात लावणाऱ्याने मासळी-मटण वर्ज्य करावं. हरवलेल्या पिनेबद्दल नोटिशीत एक अक्षर नव्हतं.

भावाला मारलं ते मारलं, आणि वर खुनाचं पाप आईच्या पदरात टाकलं! निशिगंधाला त्या माणसाचा इतका संताप आला होता की काही दिवस तिला घास गिळवत नव्हता. त्याला दिपेशच्या जागी उभा करावा आणि ती पेटी वरून सोडावी, असं तिच्या मनात आलं होतं. एकदा नाही, रोज यायचं.

मग एक दिवस ती दिपेशच्या कपाटातलं उरलेलं सिद्धसूत्र घेऊन प्रयोगशाळेत गेली. तार ओढून तोडायचं यंत्र तिथे होतंच. हिशेब तर सातवीच्या पोराला जमेल असा. तार दोन मिलिमीटर जाड, म्हणजे आडवी कापली तर कापाचं क्षेत्रफळ तीन चौरस मिलिमीटरच्या किंचित वर. तांब्याचा एक चौरस मिलिमीटर साधारण बावीस किलोचा ताण सोसतो. म्हणजे अख्खी तार सत्तरच्या आसपास तुटायला हवी. यंत्रावर ती एकोणसत्तरला तुटली.

आणि महाराजांच्या तारेला अडीचशे! भागून बघा, एका चौरस मिलिमीटरवर ऐंशी किलो. तांबं तेवढा ताण सोसूच शकत नाही, मग त्याच्यापुढे वेद म्हणा नाहीतर पाढे. म्हणजे मंचावरची तार तांब्याची नव्हतीच. हे कळलं त्या दिवशी निशिगंधा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली. मग तिने खंडेनवमीची वाट पाहिली, कारण महाराज दर वर्षी त्याच दिवशी इथे हा खेळ करायचे.

"महाराज, एक विनंती होती," ती मंचावर चढून म्हणाली.

शेठने ओळखलं आणि घाबरून पुढे आला. "ताई, सणाचा दिवस आहे. तमाशा नको."

"तमाशा कसला शेठ? मला चमत्कार बघायचाय." तिने हात जोडले, आवाज मऊ केला. "शिवादादा, टेबलावरचं तुमच्या पसंतीचं एक पाकीट आणा. महाराज, या तारेला सगळ्यांसमोर मंत्र घाला. तुमच्या हाताने."

आता नाही कसं म्हणणार? महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, पाणी शिंपडलं. शिवाने ठोकळा खाली उतरवला आणि आधीची तार सोडून ही नवी हुकाला बांधली.

"झालं? सिद्ध झाली?"

"झाली, बाळ."

"मग हाच ठोकळा तिला लावू. आणि तुम्ही खाली बसा."

महाराज हसले, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकेना.

"खाली बसायचं काय प्रयोजन?"

"माझा भाऊ होता ना खाली."

"तो अपवित्र होता! मासळी खाऊन—"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुमच्याइतकं पवित्र इथे कोण आहे? या ना. खुर्ची मीच ठेवते."

तिने खरोखरच महाराजांची मखमली खुर्ची उचलून हुकाच्या बरोबर खाली ठेवली. महाराजांनी तारेकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"थांब. ती मघाचीच तार लावू. तिला स्पंदन जास्त मिळालंय."

"एकाच वेटोळ्यातली ना? मग फरक कसला?"

"अरे, बसा की महाराज!" मागून कुणीतरी ओरडलं. "फुल्ल पॉवर आहे ना? मग टेन्शन कशाला घेता?"

महाराज बसले नाहीत. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं. निशिगंधाने ते डोळे भरून पाहून घेतलं, घाई केली नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तिला जे सुख झालं ते फार चांगल्या माणसाचं सुख नव्हतं.

मग तिने खुर्ची बाजूला सारली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मालाच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं: साठला तगेल, ऐंशीच्या आत तुटेल. "मी मंत्र म्हटला नाही. भागाकार केलाय. आता बघा."

ठोकळ्याऐवजी तारेला एक फळी टांगली. जमिनीपासून जेमतेम वीतभर. शिवा तिच्यावर तांदळाच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या ठेवू लागला. सगळं आवार एकसुरात मोजायला लागलं. चार. पाच. सहा. तार तगली. सातवी ठेवली तशी तार डोळ्यांदेखत लांबू लागली, मधेच बारीक झाली आणि खाटकन तुटली. तांदूळ फरशीभर झाला.

निशिगंधाने ठोकळा पेललेली महाराजांची तार उचलली आणि पर्समधून एक लोहचुंबक काढून तिला लावला. टपकन चिकटला! विकायच्या तारेला लावला, तर घसरून खाली पडला.

"तांब्याला लोहचुंबक चिकटतो का हो?" तिने विचारलं. "रणजीतदादा, कानस घासा हिच्यावर."

रणजीत खाली मान घालून आला. दोनदा कानस मारली तशी तांबूस रंग गेला आणि आतून पांढरं पोलाद चमकलं. त्याने तार बोटांवर वाकवून पाहिली. ती उसळून सरळ झाली.

"ही टायरीच्या काठात घालत्यात ती तार हाय," तो पुटपुटला. "गाडीच्या फाटक्या टायरात रोज बघतो आम्ही. वरनं तांब्याचा नुसता हात असतो."

"ही पाचशे किलोलासुद्धा तुटणार नाही. मंचावर ही दाखवायची आणि तुम्हाला तांब्याची विकायची. चार पदरांचे हजार नाही, दोनशेऐंशी होतात. पेटी सहाशेची होती."

रणजीत मटकन खाली बसला. "मीच सांगितलं हुतं त्याला. चार पदर घाल म्हणून मीच म्हणलो. इतके दिस तोंड उघडलं न्हाई." आणि तो मोठा बाप्या सगळ्यांसमोर रडायला लागला.

मग गर्दी उसळली. महाराज टेबलाखाली शिरले, कुणीतरी पायाला धरून ओढलं, कुणी चप्पल काढली. निशिगंधा मधे जाऊन उभी राहिली.

"हात लावायचा नाही! याला मी मारणार नाही आणि तुम्हीही मारायचं नाही. मेला तर सुटेल. मला हा जिवंत हवाय, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात. पिनेबद्दल शेठलाही तिथेच बोलावं लागेल." शेठ दुसरीकडे बघू लागला. "पण त्याआधी याने एक काम करायचं."

तिने माईक महाराजांच्या तोंडासमोर धरला. "बोल. माझ्या आईला सांग, तार का तुटली."

महाराजांनी चारी बाजूंना पाहिलं. वाट नव्हती. "तार... तांब्याची होती. वजन जास्त झालं."

"मासळीमुळे?"

"नाही."

"मोठ्याने!"

"नाही! मासळीचा काही संबंध नाही!"

तो आवाज भोंग्यातून आवारभर गेला, कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावरही गेला. निशिगंधा गर्दीकडे वळली. "ऐकलंत? तारेला जात नसते, उपास नसतो, कुणाच्या डब्यात काय आहे ते तिला कळत नाही. तिला कळतं फक्त वजन आणि जाडी. उद्या कुणीही चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, वजन किती, जाडी किती, आणि तुम्ही स्वतः खाली बसता का? भागाकार येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा. पण विचारा! माझ्या भावाने विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही."

यशोदाबाई गर्दीतून हळूहळू पुढे आली. लोकांनी वाट दिली. महाराजांसमोर येऊन ती उभी राहिली. महाराजांनी तिच्या पायांकडे हात नेले, तिने पाय मागे घेतले. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मान वर करून सगळ्या गोदामाकडे बघत म्हणाली,

"मी नाय मारला माज्या पोराला. ह्यानं मारला."